पिंपळपानाचे दोन तोफगोळे

बोरीबंदरावर गाडीत बसलो तेव्हा माझ्या मांडीवर एक पिशवी होती आणि पिशवीत धोतरात गुंडाळलेले दोन तोफगोळे होते. वाचकांनी दचकू नये. दोन्ही रिकामे, दारूचा कणही आत नाही. माझ्या पेन्शनीइतकेच ते निरुपद्रवी होते. तरी शेजारी बसलेल्या गृहस्थांना मी सरळपणे खरे सांगितले आणि तिथेच चुकलो. "काय नेताय?" "तोफगोळे." ते गृहस्थ कल्याणला उतरून दुसऱ्या डब्यात गेले, ते काही परत आले नाहीत.

माझ्या या छंदाला घरात 'नानांचं भंगार' म्हणतात. म्हणोत बापडे. मी तीस वर्षे मुंबईच्या गोदीत दारूगोळ्याच्या भांडारात कारकून होतो. लढाऊ जहाजांवर एक लहान तोफ असे, तीन पौंडी. समोरून पाणतीर (टॉर्पेडो) सोडायला येणाऱ्या चपळ होड्यांना टिपण्यासाठी ती केलेली. पुढे मोठमोठ्या तोफा आल्या, हिला कोणी विचारीना, तेव्हा तिला सलामीच्या कामावर बसवली. लाटसाहेब आले, गेले, की हिने बार काढायचे. लहानपणी आम्ही पोरे अपोलो बंदरावर उभे राहून ते बार मोजायचो आणि आकड्यावरून पक्की भांडणे करायचो. धूर पाण्यावरून सरकत सरकत यायचा आणि त्याचा वास आम्ही छाती भरून घ्यायचो. आजही फटाक्याचा वास आला की मी क्षणभर दहा वर्षांचा होतो, यात मला लाज वाटत नाही.

या तोफेच्या गोळ्याचे दोन भाग असतात. खाली हातभर उंचीचे पितळी नळकांडे, त्यात दारू. आणि वर तोंडात बसवलेला लोखंडी गोळा. बार झाला की नळकांडे तोफेतून बाहेर डेकवर आदळते आणि त्याला पोचा येतो. ते फेकून देत नाहीत. गोदीत आणतात, पोचा काढतात, तपासतात, बुडावर त्या वर्षाचा आकडा उमटवतात आणि पुन्हा भरतात. असे पाच-सहा जन्म झाले की मग ते मोडीत निघते. मोडीतलीच ही नळकांडी मी रीतसर परवानगीने विकत घेत आलो. प्रत्येकाचा जन्म कुठला, दुरुस्ती कधीची, सारे वहीत टिपलेले आहे. 'अंदाजे' हा शब्द माझ्या वहीत सापडणार नाही.

एक कोडे मात्र सहा वर्षे सुटत नव्हते. माझ्याकडच्या दोन नळकांड्यांच्या बुडावर, दुरुस्तीच्या वर्षाशेजारी, नखाएवढे एक पिंपळपान कोरलेले होते आणि पानाखाली तीन ठिपके. सरकारी खुणा मला तोंडपाठ. ही त्यांतली नव्हती. मी अनेकांना पत्रे लिहिली, पुस्तके चाळली आणि शेवटी ही पोर्तुगीज तोफखान्याची गुप्त खूण असावी असा सिद्धांत मांडला. एका मंडळात त्यावर व्याख्यानही दिले. मग एके दिवशी मोडीच्या व्यापाऱ्याने ते पान पाहिले आणि सहज म्हणाला, "नाशिकच्या हंड्याखाली असली पानंफुलं असतात की." मी हसलो. घरी येऊन सांगितले, तर आमच्या मंडळींनी पाण्याची रिकामी घागर आणून माझ्यापुढे उपडी केली. बुडावर एक छोटा मासा कोरलेला होता. त्या घागरीचे पाणी मी अठ्ठावीस वर्षे पीत होतो!

म्हणून ही नाशिकची वारी. पौषातली थंडी होती. इगतपुरीला गाडीने बराच वेळ घेतला, तेव्हा फलाटावर उतरून कढत चहा घेतला, बशीत ओतून, दोन्ही हातांनी धरून. नाशिक मी पाहिले होते ते मुंजीच्या आधी, वडिलांचे बोट धरून. तेव्हा स्टेशनावरून गावात ट्राम जायची. वडील मला खिडकीशी बसवून म्हणाले होते, "रामाच्या गावाला आलास बरं का." ती ट्राम पुन्हा पाहायची, एवढी एक इच्छा मनात होती.

ट्राम बंद झाली होती. रूळ काही ठिकाणी धुळीत दिसत होते. हळहळत पुढे निघालो तो फाटकाशी एका हवालदाराने पिशवीवर काठी टेकवली.

"हाई काय शे?" (हे काय आहे?) माणूस सटाण्याकडचा दिसत होता.

गाडीतल्या अनुभवाने शहाणा होऊन मी म्हणालो, "पितळी वस्तू."

त्याने धोतर उलगडले. पुढचे दहा पळ काय झाले ते मला नीट सांगता येणार नाही, कारण हवालदार एका खांबामागे गेला होता आणि मी फाटकाच्या मधोमध एकटाच उभा होतो. मागची माणसे 'बॉम, बॉम' करीत फलाटावर परत पळाली. मी खिशातून परवानगीचा कागद काढून फडकवला, पण खांबामागून कागद वाचता येत नाही. अखेर मी लोखंडी गोळा पिळून काढला, नळकांडे तोंडाला लावले आणि बुडाच्या भोकातून फू करून वारा काढून दाखवला. तसा तो हळूहळू बाहेर आला, स्वतःही एकदा फुंकून पाहिले आणि म्हणाला, "वाजस पण चांगलं." (वाजतेही चांगले.) त्याने मला चौकीत बसवून चहा पाजला आणि माझी सुटका झाली.

टांगेवाला उस्मानमियाँ म्हणून होता. मालेगावचा. भाऊ हातमागावर, हा घोड्यावर, असे त्याने सांगितले. भांडीबाजाराच्या तोंडाशी त्याने टांगा उभा केला.

"आता चालत जा साहेब. तांबट आळीत माझं जनावर जात नाय. ठोकठोकीनं बिदकतं."

ती ठोकठोक मला तिथूनच ऐकू येत होती. अरुंद बोळ, दोन्ही बाजूंना ओट्यांवर भट्ट्या, आणि प्रत्येक ओट्यावर कोणीतरी पायांत हंडा धरून हातोडी मारतो आहे. कोणी तांब्याचा पत्रा तापवतो आहे, कोणी घागरीला मठारतो आहे (हातोडीने बारीक बारीक चकत्या पाडतो आहे). मला गोदीची आठवण झाली. तिथल्या कारखान्यातून असाच आवाज भिंतीपलीकडून यायचा. तीस वर्षे मी तो ऐकला, पण भांडाराचा कारकून कारखान्यात कशाला जातो? तिथली माणसे मला कधी दिसली नाहीत.

पहिल्याच ओट्यावरच्या तरुण कारागिराच्या हातात नळकांडे दिले. त्याने ते उलटे केले. पाहायला एक क्षणही लागला नाही.

"हा तर रघुनाथबाबांच्या घरचा ठसा."

"नक्की?"

"नक्की म्हंजे? पिंपळपान आन तीन ठिपके. आमचा चक्राचा, समोरच्यांचा माशाचा. दर घराचा आपला ठसा असतो, काम मनासारखं झालं तरच बुडावर मारायचा." मग त्याने ते नळकांडे पुन्हा वर-खाली केले आणि त्याचा चेहरा बदलला. "पण हे हंड्याचं काम नाय. हे कुठलं हो?"

"गोदीतलं. मुंबईचं."

तो उठला आणि समोरच्या ओट्यावर गेला. त्यांचे काहीतरी कुजबुजणे झाले. समोरची हातोडी थांबली. मग शेजारची, मग त्यापुढची. त्या एवढ्या बोळातला आवाज बघता बघता थांबला आणि सगळी आळी माझ्याकडे पाहू लागली. माझ्या पोर्तुगीज सिद्धांताचे काय झाले याचा विचार करायलाही मला सवड मिळाली नाही.

मला बोळाच्या टोकाला नेले. रघुनाथबाबा पंचाहत्तरीचे असतील. अंगात जुनी बंडी, डोळ्यांना जाड भिंगे, दंड मात्र अजून लोखंडासारखे. त्यांच्या मागे चिंच लावून भांडी घासत एक चाळिशीच्या आसपासची बाई बसली होती. कपाळावर ठसठशीत कुंकू. त्यांची सून, गोदाबाई. बाबांनी नळकांडे हातात घेतले आणि ठशावरून अंगठा फिरवला. पाहिले नाही, नुसता अंगठा फिरवला.

"वामनचा हाय," ते म्हणाले.

गोदाबाईंच्या हातातला तांब्या तसाच राहिला.

मग मला बसवून घेतले आणि हकिगत सांगितली. वामन हा बाबांचा एकुलता मुलगा. पंधरा वर्षांपूर्वी त्याने एक हंडा केला, जोडाला बारीक चीर राहिली होती, तरी घाईने ठसा मारून विकला. गिऱ्हाईक भर बाजारात ओरडत आले. बाबांनी आळीसमोर मुलाच्या थोबाडीत मारली आणि 'या ठशाला पुन्हा हात लावशील तर खबरदार' म्हणून बजावले. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगाही नव्हता आणि ठसाही नव्हता.

"चोरून नेला, असं मी सगळ्यांना सांगत फिरलो," बाबा म्हणाले. "माझ्याच तोंडानं."

दोनदा ते मुंबईला जाऊन आले. गिरण्या पाहिल्या, तांब्याचे बाजार पाहिले. गोदीत पासावाचून कोण शिरू देणार? पत्र नाही, निरोप नाही. अशा वेळी आपल्याकडची रीत वाचकांना ठाऊक आहेच. शेवटची खबर लागल्यापासून बारा वर्षे वाट पाहायची. मग माणूस गेला असे समजून पळसाच्या पानांचा पुतळा करायचा, त्याला अग्नी द्यायचा आणि बायकोने कुंकू पुसायचे. बारा वर्षे होऊन तीन वर्षे उलटली होती. बाबा आज करू, उद्या करू म्हणत ढकलत होते. आता जातीतल्या वडीलधाऱ्यांनी जोर लावला होता आणि येत्या माघातला दिवस धरला होता. म्हणजे पंचवीस दिवसांवर.

बाबांनी नळकांडे माझ्यापुढे धरले. "तुम्हाला या खुणा वाचता येतात म्हणता. हे त्यानं कधी केलं?"

आयुष्यात प्रथमच माझ्या छंदाबद्दल कोणी मला इतक्या कळकळीने विचारत होते. ठशाशेजारचा आकडा स्वच्छ होता. तेवीस. आणि आता पस्तीस साल संपत आले होते. मी बोटांवर मोजले, पुन्हा मोजले. बारा वर्षे भरत होती, विधी टळत नव्हता.

"तेवीस सालचं," मी म्हणालो. गोदाबाईंनी तांब्या खाली ठेवला.

"दुसरं?" बाबांनी पिशवीकडे बोट केले.

आता मात्र मी अडकलो. दुसरे नळकांडे माझे लाडके. एवढे लखलखीत दुसरे कोणाकडे नाही, अशी माझी घमेंड. दर रविवारी विटकरीची भुकटी आणि चिंच घेऊन मी ते घासत बसायचो. पिंपळपान खोल होते, ते टिकले. शेजारचा सरकारी आकडा उथळ होता. तो मी स्वतःच्या हाताने, वर्षानुवर्षे घासून, साफ नाहीसा केला होता. आणि वहीत? हे नळकांडे घेतले तेव्हा आमच्या मंडळी आजारी होत्या, टिपण राहून गेले, मग टिपायला बसलो तर आकडा दिसेना. त्या रकान्यात मी एक रेघ ओढून ठेवली होती. हे सगळे मी त्या घरात मान खाली घालून सांगितले. इतकी शरम मला साहेबाच्या समोरही कधी वाटली नव्हती.

बाबा रागावतील असे वाटले होते. त्यांनी बूड उजेडात धरले, नखाने टकटक केले आणि म्हणाले, "पुसलाय वरून. आत असंल."

"आत म्हणजे?"

"ठसा मारला की त्याच्याखालचं पितळ दबतं राव. वरून घासा, कानस लावा, खालचं दबलेलं दबलेलंच. चोरीच्या भांड्यांवरची नावं चोर घासून टाकतात, तेव्हा पोलीस आमच्याकडंच येतात. तेजाब लावलं की नाव वर येतं. पण घडीभरच. तेवढ्यात वाचायचं."

तेजाबाची, म्हणजे जळजळीत आम्लाची, बाटली आली. भट्टीत निखारे फुलवले. तोफगोळा भट्टीवर धरणार म्हटल्यावर आळीतल्या निम्म्या माणसांनी काढता पाय घेतला आणि उरलेल्या निम्म्यांना मी पुन्हा एकदा फुंकून दाखवले. बाबांनी सांडशीत धरून बूड शेकले, निवू दिले, मग चिंधीच्या बोळ्याने तेजाब फिरवले. हिरवट फेस आला. उग्र वासाने मला ठसका लागला. त्यांनी एकदा पुसले, पुन्हा फिरवले. काही नाही. नुसते काळपट बूड. गोदाबाई दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. मला त्यांच्याकडे पाहवेना.

"चष्मा पुसून घ्या," बाबा मला म्हणाले. "इंग्रजी आकडा आम्हाला कोणालाच येत नाय. वाचायचं तुम्हालाच हाय."

तिसऱ्यांदा बोळा फिरला. बाबांनी बूड तिरपे केले. काळपटपणात काहीतरी फिकट उमटले, आधी एक वळण, मग एक आडवी रेघ. मी नाक जवळजवळ पितळेला लावले. आधी दोन. मग सात. मी खात्री होईपर्यंत पाहत राहिलो. ते सातच होते, पायाशी सरळ, डोक्यावर आडवी रेघ, आमच्या गोदीच्या ठशाचे सात मी झोपेतही ओळखीन.

"सत्तावीस!" मी ओरडलोच. "सत्तावीस साल! आठ वर्षांपूर्वी तो जिवंत होता, मुंबईत होता, हातात हातोडी होती!"

आळीत एकच गलका झाला. कोणी माझ्या पाठीवर थापा मारल्या, कोणी त्या तरुण कारागिराला गूळ आणायला पळवले. बाबा मात्र बसूनच राहिले. म्हणाले, "आठ वर्षं. मुंबई काय लांब हाय का? एक कार्ड टाकता नाय आलं भडव्याला?" आणि भिंगे काढून ते रडू लागले.

गोदाबाई आत गेल्या, पाण्याचा तांब्या घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "मामंजी, रागवायचं मागून रागवा. आधी भटजींना गाठा. दिवस धरलाय त्यांनी."

तसे आम्ही गोदाकाठी गेलो. बाबा, मी, पिशवी आणि मागून आळीतली दहा-पंधरा माणसे. रामकुंडावर उन्हे कलली होती, बायका धुणी आटपत होत्या, पायऱ्यांवर कोणी दिवे सोडत होते. याच पायऱ्यांवर वडिलांनी मला बुडी मारायला लावली होती आणि मी थंडीने बोंब ठोकली होती. पाणी तेच, बोंबा मारणारी पोरेही तशीच. तिथे घटकाभर बसावेसे फार वाटले, पण आधी काम.

तांबटांचे उपाध्याय ओवरीत पोथ्या बांधत होते. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि तोफगोळ्याकडे नापसंतीने पाहिले.

"शेवटची खबर म्हणजे पत्र, निरोप, नाहीतर डोळ्यांनी पाहिलेला माणूस. तोफगोळ्याचं शास्त्रात काही नाही."

"सही चालते ना?" मी विचारले. तीस वर्षे सह्यांच्या जिवावर पगार घेतलेला माणूस मी. "मग ही सहीच आहे. आणि शेजारी सरकारी तारीख आहे. एवढा पक्का कागद तुमच्या पोथीतही नसेल."

"तारीख दाखवा."

बूड आता सुकून नुसते काळे झाले होते. "ती घडीभरच दिसते," मी म्हणालो आणि माझ्याच कानांना ते लंगडे वाटले.

उपाध्यायांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिले. "तुम्ही त्यांचे कोण?"

"कोणी नाही."

"कोणी नाही, मग खोटं कशाला बोलाल," ते म्हणाले. त्यांनी बाबांच्या हातून नळकांडे घेतले, पिंपळपान पाहिले आणि विचारले, "रघुनाथा, हात त्याचाच?"

"याच्यात पोचा कुठं होता ते शोधून दाखवा, महाराज," बाबा म्हणाले.

उपाध्यायांनी हात फिरवला. मी फिरवला. सहा वर्षे ते नळकांडे घासूनही मला पोचा कुठे होता ते सांगता आले नसते. पितळ सरळ, गुळगुळीत.

"नाय सापडायचा," बाबा म्हणाले. "माझ्या बापाला असं जमायचं. मला नाय जमलं कधी. पोरानं काम मनासारखं केलं, मग ठसा मारला." हे सांगताना त्यांचा आवाज चढला होता, आळीत थोबाडीत मारताना चढला असेल तसाच.

उपाध्यायांनी पंचांग मिटले. सत्तावीसपासून बारा, म्हणजे एकोणचाळीस. चार वर्षे विधी नाही.

त्या रात्रीचे जेवण मी विसरणार नाही. निखाऱ्यावर भाजलेल्या वांग्याचे भरीत, बाजरीची भाकरी, वर कांदा आणि लोण्याचा गोळा. हॉटेलात उतरण्याचा माझा बेत आळीने हाणून पाडला. सकाळी निघताना बाबांनी माझे दोन्ही हात धरले. "गोदीत तुमची ओळख हाय. एवढी चौकशी करा नाना. आता कुठं हाय, काय करतो. जिवंत हाय का नाय. माझ्याकडं लय दिवस नायत." मी शब्द दिला.

गोदाबाई माझी पिशवी घेऊन बोळाच्या तोंडापर्यंत आल्या. पिशवी हलकी होती. ते दोन्ही गोळे मी तिथेच ठेवले होते. मला ते जड गेले, खोटे कशाला बोलू? पण बाबांच्या हातातून ते परत मागण्याइतका मी अजून निर्लज्ज झालेलो नाही.

उस्मानमियाँचा टांगा दिसला तशा त्या थांबल्या.

"भाऊ, एक सांगू? चौकशी करू नका."

मी गोंधळलो. "अहो, पण बाबांना शब्द दिलाय."

"ठाऊक हाय. मी ऐकलं." त्यांनी इकडेतिकडे पाहिले आणि घाईने बोलल्या. "तुम्ही जाल, विचाराल. कुणी सांगेल, तो अमक्या साली गेला. म्हंजे माझं कुंकू गेलं. कुणी सांगेल, हाय की, परळला बायको-पोरं घेऊन राहतो. म्हंजे त्याहून वाईट. तिसरं काही चांगलं निघेल असं वाटतं तुम्हाला? पंधरा वर्षं लोक माझ्या कपाळाकडं बघून दिवस मोजतात. आता चार वर्षं कुणी मोजणार नाय. ती मला सुखानं काढू द्या."

त्यांनी पिशवी टांग्यात ठेवली. मुंबईला येऊन उघडली तेव्हा त्यात पेरू आणि भाकरी-ठेचा निघाला.

परतीच्या गाडीत मला मुंजीआधीची ट्राम आठवली नाही की रामकुंड आठवले नाही. दोन माणसांना दोन उलटे शब्द कसे पाळायचे, याचाच हिशेब कसारा घाटापर्यंत चालला होता.

तिसऱ्या दिवशी मी गोदीत गेलो. फाटकावरचा शिपाई जुना, त्याने सलाम ठोकला. भांडाराला वळसा घालून कारखान्याच्या दाराशी आलो. तीस वर्षे ज्याचा नुसता आवाज ऐकला तो कारखाना. आत हातोड्या चालू होत्या. म्हातारा मिस्त्री दारातून दहा पावलांवर बसला होता, पिंपळपान मारणारा माणूस कोण, एवढे विचारले की काम झाले असते. तोफगोळ्याचा एक आकडा लागेना तर मी चार वर्षे पत्रे पाठवणारा माणूस. इथे तर सगळे उत्तर समोर बसले होते. मिस्त्रीने वर पाहिले. "काय हवं, नाना?"

"काही नाही," मी म्हणालो. "इकडून जात होतो."

घरी येऊन रघुनाथबाबांना कार्ड लिहिले. सुखरूप पोहोचलो, पेरू उत्तम, आणि खाली, सरकारी नोकरीत हजारदा लिहिलेले वाक्य: चौकशी चालू आहे. गोदाबाईंना चार वर्षे हवी होती आणि त्या म्हाताऱ्याला चार महिने तरी होते की नाही कोण जाणे. मी बाबांना फसवत होतो, हे मला पुरते कळत होते.

पंधरा दिवस मला जेवण गोड लागले नाही. आमच्या मंडळींनी कारण विचारले, मी खेकसलो. शेवटी ठरवले, उद्या जायचे आणि मिस्त्रीला विचारून टाकायचे. बाप आहे तो, त्याचा हक्क मोठा. त्याच दुपारी टपाल आले. आळीतल्या कोणाकडून तरी लिहून घेतलेले बाबांचे कार्ड. सुरुवातीला सगळ्या आळीचे नमस्कार, हवापाणी, तांब्याचे भाव. मग असे:

'सूनबाई काम करताना गाणे म्हणते. पंधरा वर्षांत ऐकले नव्हते. तरी चौकशी सावकाश करावी. घाई नाही.'